हरभऱ्याच्या झाडावरचं मचाण

माझ्या नवऱ्याचं नाव धैर्यशील. बारशाला जमलेल्या बायकांना पुढचं काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हा माणूस इथे सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या स्टॉलच्या मंडईत, चहा कुठल्या स्टॉलवर घ्यायचा हे ठरवायला सगळं सेंटर फिरून येतो. तो परत येईपर्यंत मी चहा पिऊन ट्रेसुद्धा जागेवर ठेवून आलेली असते.

चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या खरेदी खात्यात तो मॅनेजर आहे. बँकेला काही विकत घ्यायचं असलं की ते कुणाकडून घ्यायचं, हे ठरवण्याचा त्याला पगार मिळतो. त्यासाठी तो एक्सेलमध्ये तक्ता करतो. एका बाजूला निकष, दुसऱ्या बाजूला विक्रेते, प्रत्येक निकषाला इतके टक्के, आणि तळाशी बेरीज. ऑफिसातली ही खोड त्याने घरीही आणली. फ्रिज, आमच्या लेकीची, गार्गीची शाळा, बेडोकचा हा भाड्याचा फ्लॅट, सगळं बेरजेतून आलेलं आहे. मीसुद्धा.

हे मी कुणाचं गुपित फोडत नाही, तो स्वतःच सांगत असतो. लग्नाआधी तो पुण्यात एका सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात होता. टेंडरच्या भाषेत पहिला येणारा तो एल-वन आणि त्याच्या मागचा एल-टू. एल-वनने ऐनवेळी अंग काढून घेतलं की एल-टूला बोलावणं जातं. स्थळं बघताना धैर्यशीलने तक्ता केला होता आणि त्यात एल-वन आली होती कोथरूडची एक दातांची डॉक्टर. ती नाही म्हणाली. "मग काय!" चार माणसं जेवायला आली की धैर्यशील माझ्याकडे हात करून म्हणतो, "एल-टूला बोलावलं!" माणसं हसतात. मी आमटी वाढते.

तर यंदा अमेरिकेहून ग्रेग आला. ग्रेग म्हणजे धैर्यशीलच्या साहेबाचा साहेब. धिप्पाड, लालबुंद, मोठ्याने हसणारा, मिशिगनचा. येताना तो बातमी घेऊन आला की सिंगापूरच्या खरेदी खात्यात यापुढे दोन मॅनेजर ठेवायचे नाहीत. एकाला इथला हेड करायचं, दुसऱ्याची जागा पुण्याच्या ऑफिसला द्यायची. दोन मॅनेजर म्हणजे धैर्यशील आणि पद्माकर. पद्माकर आमचा मित्रही आहे, गिरगावचा. मीटिंगमध्ये एकच वाक्य बोलतो आणि तेही बहुधा 'मग करून टाकू' एवढंच असतं.

जागा गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीवर मिळालेला इथे राहायचा परवाना, गेला, आणि पास गेला की महिनाभरात गाशा गुंडाळायचा. मला स्वतःला पुण्याचं वावडं नाही, पण गार्गीची ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी, पुढच्या वर्षी होती. पोरगी इथेच लहानाची मोठी झाली, तिच्या लेखी पुणं म्हणजे पोट बिघडण्याची जागा. तिला अशी मधूनच उपटून न्यायची या कल्पनेने माझी झोप उडाली होती. म्हणून ग्रेगने दोन्ही जोडप्यांना ईस्ट कोस्टला जेवायला बोलावलं, तेव्हा मी निघताना धैर्यशीलला बजावलं होतं, "कमी बोल. पद्माकरकडे बघ आणि त्याच्याएवढंच बोल."

जेवताना ग्रेगने शिकारीचा विषय काढला. त्याच्या राज्यात मोठमोठी सरकारी जंगलं आहेत, ती सगळ्यांची, तिथे कुणाचा सातबारा नाही. परवाना काढायचा, पाठीवर घडीचं मचाण बांधून आत जायचं, झाड निवडायचं, वर चढून धनुष्यबाण घेऊन हरणाची वाट बघत दिवसभर बसायचं. झाडाला खिळा मारायचा नाही, साल सोलायची नाही, आणि येताना आपलं मचाण आपण उचलून आणायचं. हे सांगताना तो इतका खूश होता की मलाही तो माणूस आवडला.

"मी शाकाहारी आहे," पद्माकर म्हणाला. "कधी आलोच तर चहा करीन."

ग्रेग हसला. मग त्याने धैर्यशीलकडे पाहिलं. आणि धैर्यशीलने खुर्चीत पाठ ताठ केली. ती ताठ झाली की मला धडकी भरते.

"आमच्याकडे त्याला मचाण म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला. "माझे आजोबा तर मचाणावरच राहायचे."

"मचाण!" ग्रेगच्या हातातला खेकडा ताटात पडला. हा शब्द त्याला ठाऊक होता. "वाघ?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द, त्याला तक्ताही लागत नाही. धैर्यशीलने पाण्याचा घोट घेतला आणि मंद हसला.

खरी गोष्ट अशी आहे. आजेसासऱ्यांची बार्शीजवळ ज्वारी होती. कणसात दाणा भरला की पाखरं येतात. त्यांना हाकलायला शेतात चार खांबांवर मचाण घालतात आणि त्यावर गोफण घेऊन माणूस बसतो. आजोबा बसायचे आणि दिवसभर 'हा हा हूऽ' करून चिमण्या उडवायचे. गोफणीतला खडाही पाखराला लागू नये म्हणून ते बाजूला मारत, असं माझ्या सासूबाई कौतुकाने सांगत. वाघ बिचाऱ्यांनी बहुधा सर्कशीतही पाहिला नसेल.

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एरवी दुसरं कुणीतरी लागतं. आमचा हा आपला आपण चढतो.

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघंही माझ्याकडे या," ग्रेग निघताना म्हणाला. "आपापलं मचाण घेऊन या. माणूस कसलं मचाण निवडतो त्यावरून मला तो माणूस कळतो. मग हेडचं काय ते ठरवू." आणि धैर्यशीलच्या पाठीवर त्याने अशी थाप मारली की टॅक्सीत बसेपर्यंत हा खोकत होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "उद्या सकाळी त्याला मेल कर. वाघ नव्हते, चिमण्या होत्या. चारचौघांसारखा हसेल आणि विसरेल."

"स्मिता, तुला कळत नाही. मी वाघ म्हणालोच नाही. तो म्हणाला."

आणि त्याने लॅपटॉप उघडला.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर मचाणं आली. मला या विषयात काडीचाही रस नव्हता, तरी तोंडपाठ झाला. शिडीचं मचाण सगळ्यात सोपं, झाडाला शिडी टेकवायची आणि वर बसायचं, पण ते पाठीवरून जंगलात नेणार कोण? टांगायचं मचाण म्हणजे एवढीशी फळी, ती पट्ट्याने खोडाला बांधायची आणि चढायला वेगळ्या दांड्या बांधायच्या. एक नुसतं खोगीर असतं, ते कमरेला बांधून माणूस खोडाला लोंबकळतो. आणि एक आपलं आपण चढणारं. त्याचे दोन तुकडे, वरचा बसायला आणि खालचा पायांना, दोन्हींची तार खोडाभोवती फिरवलेली. पाय रोवून वरचा तुकडा सरकवायचा, मग बूड टेकून पायांनी खालचा ओढायचा. सुरवंट चढतो तसं.

"खोगीर घे," मी म्हटलं. "खोगीरभरतीचा तुला अनुभव आहे."

ऐकू आल्याचं त्याने दाखवलं नाही. तक्त्यात निकष वाढत चालले. वजन, घडी, आवाज, सालीला इजा, विमानातलं सामान, ब्रँडची प्रतिष्ठा, 'साहेबावर पडणारी छाप'. त्या शेवटच्याला भरघोस टक्के होते. मग समिती नेमली. समिती म्हणजे सारंग, आमचा जुरोंग आयलंडवर रिफायनरीत सेफ्टी बघणारा मित्र. सारंगने पोहे खाल्ले आणि रिफायनरीत कुठल्याही कामाआधी विचारतात तसं विचारलं, "परमिट टू वर्क कोण देणार?" मग म्हणाला, "बाकी काहीही घे, छातीचा पट्टा घातल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलायचा नाही." हे एकच शहाणपणाचं वाक्य त्या सगळ्या महिन्यांत आमच्या घरात बोललं गेलं.

"आणि धनुष्य?" मी एकदा विचारलं. "बाण मारायला तुला येतो का?"

"ते फेज टू," तो म्हणाला.

गार्गीने डोळे फिरवले. "पपा, यू काण्ट इव्हन किल अ कॉक्रोच लाह."

तिकडे पद्माकरला मी फोनवर विचारलं, तुमचं मचाण ठरलं का. तो म्हणाला, "ग्रेगला लिहून टाकलं, तुझ्याकडे जुनं असेल ते दे, नाहीतर मी खाली बसतो." ही एक ओळ त्याने पाठवली आणि झोपला. मी धैर्यशीलला हे सांगितलं तेव्हा तो कुत्सित हसला. "ही तयारी म्हणतात का?" त्याचं ते हसू बघून मला त्याला हलवून जागं करावंसं वाटलं. पोरीचं वर्ष पणाला लागलं होतं आणि हा खुर्चीच्या रंगाला गुण देत होता.

शेवटी बेरजेने कौल दिला, आपलं आपण चढणारं. शिडी सगळ्यात तळाला गेली, तिच्या रकान्यात त्याने 'बालिश' असा शेरा मारला होता. खोकं आलं, हॉलमध्ये दोन्ही तुकडे जोडले गेले, आणि आता ते वापरून बघायचं होतं. आधी त्याने ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्याचा, व्हॉइड डेकचा गोल खांब धरला. काँक्रीटवर मचाणाचे लोखंडी दात घसरले आणि असा आवाज झाला की तिथे बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे डाव सोडून उठून गेले.

"झाडच पाहिजे," धैर्यशील म्हणाला.

"सिंगापुरात? इथे झाडाचं पान तोडायलाही माणसं आधी इकडे तिकडे बघतात."

"पब्लिक लँड आहे. मी काही खिळा मारत नाहीये. नियमच तो आहे, सालीला इजा नाही."

"तो मिशिगनचा नियम आहे अरे!"

पण तक्त्यात तसा निकषच नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं ब्लॉकमागच्या वाटेवर गेलो. तिथे एक सरळसोट, खाली एकही फांदी नसलेलं झाड आहे. या मचाणाला असंच झाड लागतं, आणि त्याने ते आठवडाभर येता-जाता हेरून ठेवलं होतं. अंगात चट्ट्यापट्ट्यांचे शिकारी कपडे, छातीला सारंगने बांधून दिलेला पट्टा. गार्गी दहा पावलं लांब उभी राहिली, आमची कुणी नसल्यासारखी. मी छत्री घेऊन खाली. बाजारातून भाजीच्या ढकलगाड्या ओढत परतणाऱ्या दोन-तीन चिनी आजीबाई थांबल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. पाय, बूड, पाय, बूड करत तो चांगला पहिल्या मजल्याच्या खिडकीएवढा वर गेला. वरून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा दाखवला. तेवढ्यात पायांचा तुकडा सैल झाला, खोडावरून सरसर घसरत आला आणि खाली माझ्या छत्रीशेजारी धाडकन पडला.

हे दोन तुकडे एकमेकांना दोरीने बांधून ठेवायचे असतात, म्हणजे खालचा निसटला तरी ओढून घेता येतो. दोरी खोक्यात होती. पण ती 'ॲक्सेसरीज' या सदरात मोडत होती, आणि ॲक्सेसरीजना त्याने तक्त्यात शून्य टक्के दिले होते.

आता हा वरच्या तुकड्यात बसलेला, पाय अधांतरी, चढता येईना की उतरता येईना. पट्ट्यामुळे पडण्याची भीती नव्हती, नाहीतर मी हे असं सांगत बसले नसते.

"अंकल आ," एक आजीबाई वर बघून ओरडल्या, "व्हॉट यू डूइंग? दॅट ट्री नो ड्युरियन वन!" ड्युरियन म्हणजे इथलं फणसासारखं काटेरी फळ.

"सो पायसेह," गार्गीने तोंड झाकून घेतलं. पायसेह म्हणजे इथल्या भाषेत मेल्याहून मेल्यासारखं.

आणि त्याच वेळी वर त्याचा फोन वाजला. ग्रेगचा व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ, माणूस निवांत. दुसरा कुणी असता तर फोन वाजू दिला असता. पण साहेबाचा फोन धैर्यशील आयसीयूतूनही घेईल. त्याने घेतला, स्पीकरवर.

"अरे देवा, तू वर आहेस!" ग्रेगचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मागे पानं दिसत असणार. "सिंगापुरात! रविवारी सकाळी! याला म्हणतात शिकारी!"

"सराव चाललाय," धैर्यशील म्हणाला. त्याचे पाय हवेत पायडल मारत होते, ते ग्रेगला दिसत नव्हते.

मी इकडे शिडीसाठी धावपळ करावी म्हणून वळले, तर सायकलवरून गणवेशातला एक अधिकारी येऊन उतरला. तरुण, तमिळ, अत्यंत सभ्य. त्याने झाडाकडे पाहिलं, खाली पडलेल्या लोखंडी दातांच्या तुकड्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"सर, व्हॉट इज धिस?"

"मचाण!" धैर्यशील वरून म्हणाला.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. तमिळमध्ये 'मचान' म्हणजे मेहुणा, आणि इथे पोरं एकमेकांना 'काय रे भावा' म्हणतात त्याच चालीवर मचान म्हणतात. हे मला शेजारच्या घरामुळे माहीत होतं. धैर्यशीलला या देशात इतकी वर्षं राहून शेजाऱ्यांची भाषा कानावर घ्यायला सवड झाली नव्हती.

"आय ॲम नॉट युअर मचान, सर," अधिकारी म्हणाला. "आय आस्क यू, व्हॉट इज धिस?"

धैर्यशीलला वाटलं, ऐकू गेलं नाही. "मचाण! मचाण!" तो मोठ्याने, तुकडे पाडून ओरडला. "म-चाण!"

आजीबाईंच्या मागे एव्हाना एक तमिळ कुटुंब उभं होतं, ते हसून लोटपोट झालं. मी "अरे गप्प बस, तू त्याला मेहुणा म्हणतोयस!" असं मराठीत ओरडले, पण त्या गलक्यात काही पोचलं नाही. पोचला तो ग्रेगचा आवाज. त्याला वाटलं, कुणीतरी अज्ञानी माणूस मचाण म्हणजे काय विचारतोय. तो मदतीला धावला.

"मचाणच आहे ते!" फोनमधून ग्रेग गरजला. "शिकारीचं! याच्या आजोबांनी त्यावरून वाघ मारलेत!"

हसणं थांबलं. अधिकाऱ्याने कमरेचा वॉकीटॉकी हातात घेतला.

"सर," तो शांतपणे म्हणाला, "आर यू हंटिंग?"

या देशात रस्त्यावरच्या कबुतराला दाणे टाकले तरी दंड होतो. शिकार या शब्दाला काय होत असेल ते मला बघायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे पास आला, गार्गीची शाळा आली, विमानतळ आलं. धैर्यशीलच्याही आलं असावं. एका हातात फोन, फोनमध्ये साहेब, खाली कायदा. दोघांना एकच उत्तर द्यायचं होतं आणि तक्ता करायला वेळ नव्हता.

"चिमण्या!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "चिमण्या सांग!"

"स्पॅरोज!" धैर्यशील ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "नो टायगर! माय ग्रँडफादर वॉज ए फार्मर! स्पॅरोज वेअर ईटिंग द ज्वारी! ही वॉज ओन्ली शाउटिंग! नो किलिंग, सर, ओन्ली शाउटिंग!" आणि अधिकाऱ्याला पटावं म्हणून त्याने, मिशिगनपासून बेडोकपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं, करून दाखवलं. "हा हा हूऽ!"

झाडातल्या मैना भर्रकन उडाल्या. आजोबांची विद्या खोटी नव्हती.

मग ग्रेग म्हणाला, "स्पॅरोज," आणि कॉल संपला.

साफसफाईच्या कंत्राटदाराची ॲल्युमिनियमची शिडी आणून त्याला उतरवलं. त्याच्या तक्त्यातल्या सगळ्यात बालिश मचाणाची ती बहीण. उतरताना त्याने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. झाडाच्या सालीवर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, त्याचा रीतसर दंड झाला आणि तो आम्ही मुकाट्याने भरला. जाताना तो अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाला, "टेक केअर ऑफ हिम, अक्का." मला त्या क्षणी तो सख्ख्या भावासारखा वाटला. म्हणजे धैर्यशीलने त्याला जे म्हटलं ते अगदीच चूक नव्हतं.

पुढे व्हायचं तेच झालं. मिशिगनची सहल बजेटच्या नावाखाली रद्द झाली आणि ग्रेगचा मेल आला, हेड पद्माकर. धैर्यशीलने तो मेल मला वाचून दाखवला नाही, लॅपटॉप माझ्याकडे वळवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला राग यायला हवा होता. आलाही. पण बाल्कनीतला त्याचे पाठमोरे खांदे बघून तो मनात ठेवला. गार्गीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच मराठीत पूर्ण वाक्य बोलली, "मला नाही जायचं, आई." मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी खोकी आणली. त्या हॉलमध्ये मचाणाचं खोकं होतंच, त्यातही भांडी भरली.

खोकी अर्धी भरली आणि पद्माकरने राजीनामा दिला. त्याला सिडनीहून दुसऱ्या बँकेचं बोलावणं आलं होतं. बायकोला विचारलं, ती हो म्हणाली, मग करून टाकू. दुसऱ्या दिवशी ग्रेगने धैर्यशीलला फोन केला. त्या बोलण्यात चिमण्यांचा उल्लेखही नव्हता. "हे बघ, पद्माकर माझी पहिली पसंती होता," तो म्हणाला, "तू दुसरा होतास. तो जातोय, तर आता तू."

धैर्यशीलने फोन ठेवला. मी आणि गार्गी टेबलाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. "राहतोय आपण," तो म्हणाला. गार्गी किंचाळून त्याच्या गळ्यात पडली. माझे डोळे भरून आले, मी लपवले नाहीत. पण तो हसला नाही. गार्गी फोनवर मैत्रिणींना कळवायला आत पळाली, तेव्हा तो माझ्यासमोर बसला.

"तो तसं का म्हणाला?" त्याने विचारलं. "द्यायची तर जागा द्यावी. दुसरा होतास हे सांगायची काय गरज होती?"

मी खोक्यातून एक पातेलं काढून जागेवर ठेवलं.

पद्माकरच्या निरोपाचं जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. सारंग होता, ऑफिसातली आणखी दोन मराठी जोडपी होती. मचाण आता बाल्कनीत आहे, वरच्या तुकड्यावर कुंड्या आणि खालच्यावर पापड वाळत घालते मी. सगळ्यांनी ते बघून घेतलं, झाडाची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली, 'हा हा हूऽ' झालं. धैर्यशील निमूट ऐकत होता. मग पानं वाढली, आणि अशा वेळी तो जे सांगतो त्याची माणसं सवयीने वाट बघू लागली. तो बोलला नाही. मान खाली घालून भात कालवत राहिला.

बोलला पद्माकर. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो एकच वाक्य बोलतो, ते त्या दिवशी हे निघालं. पाण्याचा ग्लास उचलून म्हणाला, "आमचे नवे हेड. एल-वन सिडनीला पळाला, मग एल-टूला बोलावलं!"

टेबल हसून गडगडलं. सारंगला ठसका लागला. धैर्यशीलही हसला, सगळ्यांच्या थोडं उशिरा, आणि हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं. ते हसू मी ओळखलं. इतकी वर्षं आमटी वाढताना माझ्या तोंडावर तेच असायचं.

मला वाटलं होतं, हा दिवस आला तर मला आनंद होईल. मनात वाक्यंही तयार होती, एकाहून एक झणझणीत. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या आणि ती मी तिथेच सोडून दिली. कोपऱ्यावरच्या जोडप्यातली बाई "म्हणजे घरात दोघंही एल-टू!" असं म्हणायला लागली, तेव्हा मी आमटीचं पातेलं टेबलावर जरा जोराने ठेवलं.

"विषय बदला," मी म्हटलं. "आमटी गार होतेय."

सगळे सिडनीच्या हवेबद्दल बोलू लागले. एवढं सोपं होतं ते. एक वाक्य. इतकी वर्षं त्या टेबलावर कुणीतरी माझ्यासाठी ते म्हणावं म्हणून मी थांबले होते.

माणसं गेल्यावर धैर्यशील भांडी घासायला उभा राहिला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मग पाठ न वळवता त्याने विचारलं, "तुला दर वेळी असं व्हायचं?"

"हो," मी म्हटलं, आणि उरलेली आमटी फ्रिजमध्ये ठेवली.